इसबाचं मूळ रक्तात शोधू नका

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. मुलगी सहा वर्षांची. दोन वर्षं झाली, कोपराच्या घडीत आणि गुडघ्याच्या लवणीत खाजरे, खरखरीत चट्टे उठतात. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की आठवड्यात जातात, बंद केली की पंधरा दिवसांत परत हजर. सासूबाईंचं म्हणणं रक्त खराब आहे, शेजारणीचं म्हणणं अंडी-मटण बंद करा, आणि आता कुणीतरी अ‍ॅलर्जीची मोठी रक्ततपासणी सुचवली आहे. शिवाय तुमच्या स्वतःच्या डाव्या हाताच्या बोटांना भेगा पडतात. बचत गटात कांदा-लसूण मसाला करता, उन्हाळ्यात त्रास वाढतो, तर तेही हेच का? आणि मूळ प्रश्न: इसब (एक्झिमा) होतो तरी कशामुळे?

दोन्ही इसबच. लेकीचा तिच्या चामडीच्या उपजत ठेवणीतून आलेला, तुमचा कामातून आलेला. पण बिघाड दोघींचाही एकाच ठिकाणी आहे, चामडीच्या अगदी वरच्या थरात. रक्ताचा इथे दोष नाही. ‘रक्त खराब’ हे मी दवाखान्यात रोज ऐकतो, आणि रक्तशुद्धीच्या दोन-चार बाटल्या पिऊन झाल्यावरच बरेच जण माझ्यापर्यंत पोचतात. अशा मुलांचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन, साखर, लिव्हर, किडनी सगळं जागच्या जागी असतं. फार तर इओसिनोफिल आणि आयजीई (अ‍ॅलर्जीशी निगडित पेशी आणि प्रथिन) वाढलेलं दिसेल. तेही बहुतेक वेळा इसब धुमसत राहिल्यामुळे वाढलेलं असतं.

चामडीचा सर्वांत बाहेरचा थर तळहात-तळपाय सोडले तर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा किंवा त्याहून पातळ असतो. तेवढ्यात चपट्या, मेलेल्या पेशींचे पंधरा-वीस पदर बसवलेले असतात. ही एक भिंत समजा: पेशी म्हणजे विटा, आणि विटांमध्ये भरलेला स्निग्ध चुना म्हणजे सिरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड. (कोलेस्टेरॉल वाचून दचकू नका, चामडीला ते हवंच असतं.) या भिंतीची कामं दोन. आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरचे जंतू, साबण, धूळ, परागकण आत येऊ द्यायचे नाहीत. तळाच्या थरात पेशी जन्मते, साधारण दोन आठवड्यांत वर सरकते, मरते, आणखी दोन आठवडे भिंतीत राहते आणि गळून पडते. म्हणजे महिन्याभरात भिंत नवी. इसबाचा चट्टा औषधाने चार दिवसांत दिसेनासा झाला तरी भिंत तेवढ्यात बांधून होत नाही. तुमच्या ‘पंधरा दिवसांत परत’ याचं निम्मं उत्तर इथे आहे.

मग काही मुलांचीच भिंत कच्ची का? या प्रश्नाला पहिलं ठोस उत्तर २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दिलं. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन आहे. ते पेशीतले तंतू घट्ट बांधून तिला चपटं करतं, आणि पुढे स्वतः मोडून त्याचे असे घटक होतात जे चामडीत पाणी धरून ठेवतात आणि तिला किंचित आंबट ठेवतात. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला की चामडी जन्मापासून कोरडी राहते आणि इसबाची शक्यता बरीच वाढते. इसब असलेल्या प्रत्येकात हा दोष सापडत नाही. काहींच्यात सिरामाइड कमी पडतं, काहींच्यात प्रतिकारशक्तीचाच कल तिकडे असतो. घरात दमा, सकाळच्या सटासट शिंका किंवा लहानपणीचा इसब कुणाला होता का, हे म्हणूनच विचारतो. तुमच्या मिस्टरांच्या आईला किंवा भावंडांना दमा होता का, एकदा विचारून बघा.

आंबटपणाचं महत्त्व लोकांना ठाऊक नसतं. निरोगी चामडीचा पीएच साडेचार ते साडेपाचच्या आसपास असतो. नेहमीच्या अंगाच्या साबणाचा नऊ ते दहा. जुन्या पेशी सुट्या करणारी काही पाचकद्रव्यं चामडीत असतात. आंबटपणा कमी झाला की ती जोर धरतात आणि पेशी वेळेआधी गळायला लागतात. वर साबण विटांमधला चुनाही धुऊन नेतो. निरोगी माणसाची भिंत काही तासांत सावरते. तुमच्या लेकीची सावरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कडकडीत पाणी, पुन्हा साबण, पुन्हा वज्रीने घासणं. कुणीकुणी तर खाज जावी म्हणून बादलीत जंतुनाशकाचं टोपण ओततात.

भिंत झिरपायला लागली की खरा गोंधळ सुरू होतो. वरच्या थरातल्या पेशी धोक्याचे रासायनिक निरोप आत पाठवतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी जमा होतात आणि इंटरल्यूकिन-४, इंटरल्यूकिन-१३ अशी द्रव्यं सोडतात. त्यांचा परिणाम पाहा: ती सूज तर आणतातच, शिवाय फिलॅग्रिन आणि सिरामाइड तयार होणंही कमी करतात. म्हणजे भिंत पडल्यामुळे सूज आणि सुजेमुळे भिंत आणखी कच्ची. यातलंच इंटरल्यूकिन-३१ थेट खाजेच्या मज्जातंतूंना चेतवतं. नखं लागली की उरलासुरला थर निघतो. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू अशा चामडीवर मुक्काम ठोकतो आणि त्याची विषं सूज पेटती ठेवतात. यातलं पहिलं काय आणि नंतरचं काय यावर तज्ज्ञांत वाद आहेत. घरच्यांनी त्यात पडू नये. फेरा कुठूनही तोडला तरी उपयोग होतो, आणि तुमच्या हातातली सगळ्यात सोपी जागा म्हणजे भिंत.

ही खाज मुख्यत्वे हिस्टामिन या द्रव्याची नसते, आणि अ‍ॅलर्जीची गोळी अडवते ती त्यालाच. अंगावर पित्त उठतं त्याची खाज अ‍ॅलर्जीच्या गोळीने तासाभरात बसते, इसबाची बसत नाही. जुन्या, झोप आणणाऱ्या गोळीने मूल झोपतं एवढंच. म्हणून ‘गोळी देऊनही खाजवतेच’ यात नवल नाही.

आता लेकीला उजेडात घेऊन बसा आणि निरखून बघा. तळहातावरच्या रेषा तिच्या वयाच्या इतर मुलींपेक्षा जास्त, खोल आणि आडव्या-उभ्या जाळीसारख्या आहेत का? ही फिलॅग्रिन कमी असल्याची खूण असते. खालच्या पापणीखाली जास्तीची एक घडी आहे का? गालांवर फिकट, कडा धूसर असलेले खरखरीत डाग आहेत का? या डागांना आपल्याकडे कॅल्शियम कमी झालं किंवा जंत झाले म्हणतात आणि जंताचं औषध देऊन मोकळे होतात. बहुतेक वेळा तो इसबाचाच सौम्य प्रकार असतो. सावळ्या रंगावर इसब पुस्तकातल्या चित्रांसारखा लालभडक दिसत नाही, काळपट, जांभळट किंवा नुसता बारीक पुरळ असलेला दिसतो. बरा झाल्यावर राहणारा काळा किंवा पांढरा डाग कोड नव्हे. काही महिन्यांत तो रंग भरून येतो.

आणि इसबच आहे ना, हेही पक्कं करा. गजकर्णाची कड उठावदार आणि वाढत जाणारी असते, मध्ये साफ होत जातं, आणि जांघ-कंबर त्याची आवडती जागा. घरात तालमीत जाणारा भाऊ, काका असेल तर त्याचं अंग आधी तपासा. मातीत आणि मॅटवर एकमेकांना भिडणाऱ्या पोरांत गजकर्ण फार. रात्री घरातले सगळेच खाजवत असतील, बोटांच्या बेचक्यांत, बेंबीभोवती बारीक फोड असतील तर ती खरूज, आणि मग औषध एकाच दिवशी सगळ्या घराने लावायचं. कोपराच्या आत नसून बाहेरच्या हाडावर जाड, चंदेरी पापुद्रे असले तर सोरायसिसचा विचार करावा लागतो.

खाण्याचं सांगतो. कोल्हापुरात मटण बंद करायला सांगणं म्हणजे शिक्षाच आहे, आणि बहुतेकांना ती विनाकारण मिळते. दूध, अंडी यांनी इसब भडकतो तो मुख्यतः अगदी लहान, तीव्र इसब असलेल्या बाळांत, आणि त्यांच्यातही सगळ्यांना नाही. अशा बाळांत बहुधा तो पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत तोंडाभोवती चट्टे, उलटी असं काहीतरी दिसतं. सहा वर्षांची मुलगी अंडं खाऊन काही होत नसेल तर ते बंद करून तिची प्रथिनं तेवढी तोडाल. साठ-सत्तर पदार्थांच्या त्या रक्ततपासणीत इसबाच्या मुलांचे पाच-दहा पदार्थ पॉझिटिव्ह येतातच. पॉझिटिव्ह येणं म्हणजे त्या पदार्थाने त्रास होतो असं नाही. तो कागद हातात घेऊन गहू, दूध, शेंगदाणे, तूरडाळ एकदम बंद केलेली, वजन घटलेली मुलं मी पाहिली आहेत. ते पैसे तुम्ही मलमावर घाला.

उलट यातली एक मजेची गोष्ट आहे. फुटक्या चामडीतून जो पदार्थ शरीराला पहिल्यांदा भेटतो, त्याच्याशी वैर धरलं जातं. पोटातून भेटला तर सहसा जुळवून घेतलं जातं. २०१५ साली लंडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात तीव्र इसब असलेल्या किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या तान्ह्यांना लवकर, नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, आणि पाच वर्षांचे होईपर्यंत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे अ‍ॅलर्जीमुळे इसब होतो असं आपण धरून चालतो, पुष्कळदा इसबामुळे अ‍ॅलर्जी होते. (असली तान्ही घरात असतील तर हा प्रयोग आपल्या मनाने करू नका, बालरोगतज्ज्ञांना विचारून करा.)

आता तुमची बोटं. तुम्ही ‘डाव्या हाताच्या’ असं स्पष्ट लिहिलंत ते फार बरं झालं. मी न पाहता विचारतो: अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं, या तिघांचीच टोकं ना? करंगळी साफ? चामडी जाड, कोरडी, चिरलेली, खाजण्यापेक्षा झोंबणारी? उजव्या हातात सुरी आणि डाव्या हाताच्या या तीन बोटांत लसणाची पाकळी. इसबाने तुमची पकडच रेखाटून ठेवली आहे. लसणात डायअलिल डायसल्फाइड हे तिखट द्रव्य असतं. काहींना ते नुसतं भाजतं, काहींना त्याची खरी अ‍ॅलर्जी होते. मार्च ते मे, मसाल्याच्या दिवसांत रोज किलोकिलोने लसूण सोलायचा, वर मिरचीची पूड, वर दर थोड्या वेळाने भांड्याच्या साबणाने हात धुणं. मग ही बोटं सुटणार कशी? खानावळीत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची तयारी करणाऱ्या बायकांच्यात हेच चित्र बारा महिने दिसतं.

साधे रबरी हातमोजे घालून फरक पडला नाही म्हणून ‘लसणाचं नाहीच’ असं समजू नका. ते द्रव्य बहुतेक हातमोज्यांतून आरपार जातं. त्यातल्या त्यात नायट्राइलचे बरे, आणि तेही वरचेवर बदलायचे. सरळ उपाय म्हणजे गटात कामं वाटून घ्या: तुम्ही भाजण्याचं, दळणाचं, पॅकिंगचं बघा, सोलणं दुसरीकडे द्या. खाण्यातला शिजलेला लसूण सोडायची बहुतेकींना गरज नसते. तरी थांबलं नाही तर पॅच टेस्ट करून घ्या. त्यात रक्त काढत नाहीत. पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या लावतात, दोन दिवस भिजवायच्या नाहीत, मग काढून वाचतात आणि आणखी एक-दोन दिवसांनी पुन्हा वाचतात. स्पर्शाची अ‍ॅलर्जी अशी सावकाश, दोन-तीन दिवसांनी उठते. म्हणूनच सोमवारी हाताळलेल्या वस्तूचा संशय बुधवारी कुणाच्या मनातही येत नाही.

हा स्पर्शाचा इसब आपल्या जिल्ह्यात पावलापावलावर आहे, म्हणून थोडं विषयांतर करतो. नदीकाठच्या मळीत, उसाच्या बांधावर, रिकाम्या प्लॉटमध्ये माजलेलं गाजर गवत, ज्याला सगळे काँग्रेस म्हणतात, ते मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि देशभर पसरलं. त्यातलं पार्थेनिन हवेतून उडणाऱ्या बारीक कणांबरोबर उघड्या अंगावर बसतं. पापण्या, मान, कानामागे, हनुवटीखाली, कोपराच्या घडीत चामडी जाड आणि काळी होते, पावसाळ्यात आणि नंतर भडकते. शेतकरी म्हणतो उन्हाची अ‍ॅलर्जी. ओळखायची युक्ती अशी की निव्वळ उन्हाने होणारा त्रास पापण्या, कानामागचा भाग आणि हनुवटीखालची सावली सोडतो, हा नेमका तिथेच भरतो. लेकीसारखा घडीतला इसब एखाद्याला चाळिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा झाला, तर मी आधी त्याचं शेत आणि बांध विचारतो.

शिरोलीच्या कारखान्यांत मशीनवर काम करणाऱ्यांचे हात कूलंटने (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाने) जातात. त्याहून जास्त ते सुट्टीच्या वेळी हात रॉकेलने किंवा कपड्याच्या पावडरने घासून धुण्याने जातात. गवंड्याला सिमेंटमधलं क्रोमियम (क्रोम) बाधतं. कानातल्याच्या भोकाशी, घड्याळाच्या बक्कलखाली, जीन्सच्या बटणामुळे बेंबीखाली चट्टा असेल तर निकेल. हुपरीची चांदी सहसा त्रास देत नाही, ‘जर्मन सिल्व्हर’ देतं, कारण त्यात चांदीचा अंशही नसतो, तांबं, जस्त आणि निकेल असतं. पायावर चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचा इसब घेऊन येणाऱ्याला मी अस्सल कोल्हापुरी घालायला सांगतो तेव्हा त्याला थट्टा वाटते. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या, वादीने शिवलेल्या चपलेत क्रोम नसतं. स्वस्तातल्या नकलेचं चामडं बहुधा क्रोमवर कमावलेलं असतं.

लेकीकडे परत. ती जी ट्यूब आहे, तिच्यावर क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेटासोनसारखं नाव, सोबत एक बुरशीचं आणि एक जंतूचं औषध असं तिघांचं मिश्रण असेल अशी माझी अटकळ आहे. क्लोबेटासॉल हे सगळ्यात जहाल स्टेरॉइडपैकी एक. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की काउंटरवर मिळतेच. अशी मलमं मुलीच्या घडीत महिनोन्महिने लावली तर चामडी पातळ होते, पांढऱ्या-लाल रेघा पडतात, आणि आतलं गजकर्ण असेल तर ते ओळखू न येण्यासारखं पसरतं.

पण म्हणून स्टेरॉइडला घाबरून हातच लावायचा नाही, हेही तितकंच चूक. १९५२ सालापासून ही मलमं इसबाला वापरली जातायत, आणि योग्य ताकदीचं, योग्य दिवस लावलं तर आजही पहिलं औषध तेच. सहा वर्षांच्या मुलीच्या घडीत सौम्य ते मध्यम ताकदीचं चालतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापर्यंत जेवढी रेघ बसते ते साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. लावायचं ते चट्टा हाताला सपाट आणि मऊ लागेपर्यंत. खाज थांबली त्या दिवशी बंद केलं की पुढचा भडका ठरलेला. वारंवार परतणाऱ्या जागी नंतर काही आठवडे आठवड्यातून दोनच दिवस लावून ठेवायची पद्धत आहे. चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमस या स्टेरॉइड नसलेल्या मलमाचा पर्याय आहे. हे मात्र तुमच्या डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

तुमचं काम भिंतीचं. आंघोळ रोज, कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत. साबणाऐवजी सौम्य, साबणविरहित वडी किंवा लिक्विड, तेही काख, जांघ, पायांपुरतं. वज्री, घासणी, खरखरीत उटणं बंद. दिवाळीला सुगंधी उटण्याचा मान इतरांना द्या. टॉवेलने टिपून अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांच्या आत, वास नसलेलं मलम. थंडीच्या दिवसांत साधी पांढरी पेट्रोलियम जेली उत्तम आणि स्वस्त; एप्रिलच्या घामात ती चिकचिकते, तेव्हा क्रीम घ्या. खोबरेल चालतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं नको, त्यांनी भिंतीतला चुना विस्कटतो. मलम किती? सगळ्या अंगाला लावायचं तर एवढ्या मुलीला आठवड्याला पाव किलोपर्यंत लागू शकतं. आपल्याकडे पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवतात आणि म्हणतात ‘मॉइश्चरायझरने काही झालं नाही’. चट्टे नसतानाही, रोज दोनदा. नखं कापलेली, अंगाला सुती कपडे, लोकरीचा स्वेटर थेट अंगावर नको. शाळेतून घामेजून आली की नुसत्या पाण्याने अंग पुसून पुन्हा मलम.

दोन-तीन आठवडे हे नीट करूनही उतार पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. खाजगी परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. चट्ट्यांतून पिवळं पाणी, मधासारख्या खपल्या, ताप असेल तर थांबू नका. आणि एकाच आकाराचे, खोलगट तोंडाचे बारीक फोड झपाट्याने पसरले, मूल मलूल झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठा. तो नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो, आणि डोळ्याजवळ असेल तर नजरेला धोका. घरात कुणाच्या ओठावर तापाचे फोड आले असतील तर ते बसेपर्यंत त्याने लेकीचा मुका घेऊ नये.

दाखवायला जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, चेपून रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. नावं आठवत बसू नका, काय लावलंत ते ट्यूबवर लिहिलेलं असतं.